लालबाग–गिरगाव–दादर, चार टोपणांच्या भरवशावर

आमच्या सायलीने नवी गाडी आणली तेव्हा चाळीतल्या लोकांनी रंग बघितला, सीटवर बसून बघितलं, काचा खालीवर करून बघितल्या. मी चारी चाकांभोवती एक फेरी मारून आले. तोंडात पेढा होता, पण जीव टायरांत. त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ दत्तू, त्याची जीप वडखळच्या पुढे टायर फुटून उलटली होती. जीव वाचला, उजवा हात मात्र शेवटपर्यंत सरळ झाला नाही. डाव्या हाताने भात कालवायचा आणि मला म्हणायचा, ताई, फुटायच्या आधी जरा जरी कळलं असतं तरी बाजूला घेतली असती गाडी. तेव्हापासून रस्त्यात कुठे फटाका वाजला तरी मला टायरच वाटतो.

आणि आनंद किती झाला होता म्हणून सांगू. सायली माझी एकुलती एक नात. तिचे आजोबा लालबागहून डिलाईल रोडच्या गिरणीत चालत जायचे, चालत यायचे. आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती, आणि ही पोरगी स्वतःच्या पगाराची गाडी घेऊन दारात उभी. मी रडले पण आणि घाबरले पण. दोन्ही एकदमच येतं माझं.

तर झालं असं की गावाहून आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण, कुडाळच्या पुढे आमच्या गावी असते. पाच वर्षं झाली आम्ही एकमेकींना बघितलेलं नाही. माझे गुडघे गेले, रेल्वेच्या डब्याची पायरी आता मला चढवत नाही, आणि तिला तर घराबाहेर पडवत नाही. सायलीने गाडी घेतल्याचं कळल्यावर आक्का म्हणाली, "तुका येवचा असात तर आताच ये गो. माझ्या बाराव्याक येवन माका काय तुझा तोंड दिसतला?"

आता यावर काय बोलणार. सायली म्हणाली, आजी, मी नेते तुला. माझा मुलगा प्रकाश, म्हणजे सायलीचा बाबा, तो मुळात सावध माणूस. सही करायच्या आधी पेनसुद्धा दुसऱ्या कागदावर चालवून बघतो. त्याने अट घातली. आधी मुंबईतच एक मोठा फेरा मारून या, आजीला बसून बघू दे, तुला चालवून बघू दे. काही झालं नाही तर गावाला जा. काही झालं तर गावाचं नाव काढायचं नाही. मी पण माझी अट घातली. दत्तूला जे कळलं नाही ते मला आधी कळलं पाहिजे. सायली हसली नाही. म्हणाली, त्याचं यंत्र मिळतं आजी, चाकात हवा किती आहे ते आत बसल्या बसल्या दिसतं. मी म्हटलं, मग आधी ते बसव, मग मला बसव.

म्हणून आमचा प्रवास खरा सुरू झाला तो शनिवारी, चिंचपोकळीला. घरापासून दहा मिनिटं, पण प्रवास तो प्रवास. पुलाच्या अलीकडच्या गल्लीत लहान लहान वर्कशॉप आहेत, तिथे अन्वरभाईंचं टायरचं दुकान. पन्नाशीचा माणूस, कानात अत्तराचा बोळा, हात कोपरापर्यंत काळे. मला खुर्ची दिली, ती पुसून दिली, पुसल्यावर जास्त काळी झाली.

ज्या बायकांना हे बसवून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. दोन प्रकार असतात. एक टायरच्या आत बसतो, त्यासाठी टायर रिमवरून काढावा लागतो, तो महाग. दुसरा बाहेरचा. चाकात हवा भरायची जी छोटी नळी असते ना, तिचं टोपण काढायचं आणि त्या जागी हे जाडसर टोपण फिरवून बसवायचं, बाटलीचं झाकण लावतो तसं. त्याच्या पोटात सगळी अक्कल. समोर काचेपाशी एक छोटा डबा चिकटवतात, उन्हावर चालतो, त्यात गाडीचं चित्र आणि चार आकडे. हवा कमी झाली की आकडा लाल होतो आणि ओरडतो. आम्ही बाहेरचा घेतला. अडीच-तीन हजारांत काम होतं, अर्ध्या तासाच्या आत. अन्वरभाई म्हणाले, टोपणाच्या खाली घट्ट बसणारा एक नट पण मिळतो, म्हणजे कोणी येता-जाता टोपण काढून नेणार नाही. सायली म्हणाली, चाळीतल्या चाळीत कोण काढणार? नट घेतला नाही. तुम्ही घ्या. का ते पुढे कळेल.

अन्वरभाईंनी आधी चारी चाकांत सारखी हवा भरली, तेहेतीस पौंड. डिकीतलं पाचवं चाकही काढायला लावलं. त्याला टोपण नाही, म्हणून त्याची हवा आपणच बघायची, लोक हेच विसरतात म्हणाले. मग ते एकेक टोपण उचलून सायलीला काहीतरी समजावू लागले, आणि मी उठून कोपऱ्यावर लिंबं घ्यायला गेले. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं घालायची राहिली होती ना. लिंबूवाली आमच्या गल्लीतलीच निघाली, तिच्या सुनेचं सगळं ऐकून घ्यावं लागलं. परत आले तर काम झालेलं. डब्यात चार हिरवे आकडे. मला इतकं बरं वाटलं की मी अन्वरभाईंना म्हटलं, तुम्ही माझ्या भावाच्या वेळेला का नव्हता? ते म्हणाले, "मावशी, था तो मैं तब भी, पर ये मशीन कहाँ था?"

रविवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. मला पहाटेच जाग आली. अंघोळ केली, पूजेला बसले आणि आठवलं, टोपणांना हळदकुंकू लागलेलंच नाही. आमच्या घरात नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरात येत नाही. मिक्सर ठेवला होता, टीव्हीचा रिमोट ठेवला होता, सायलीचा लॅपटॉप ठेवला तेव्हा तांदळाचा दाणा बटणात गेला म्हणून ती दोन दिवस बोलली नव्हती. गाडी काही देव्हाऱ्यात येत नाही, पण टोपणं येतात. सायली झोपलेली. मी कठड्याला धरून दोन जिने उतरले, चारही टोपणं फिरवून काढली, पदरात घेतली, वर आले. ताटलीत तांदूळ, त्यावर टोपणं, हळद, कुंकू, एकेक फूल. दत्तूचं नाव घेतलं. म्हटलं, पोरीला सांभाळा. मग कपड्याने पुसून पुन्हा खाली गेले आणि लोणच्याची बरणी बंद करते तशी चारी चाकांना घट्ट लावून आले. कुणी बघितलं नाही. मला कोण समाधान.

साडेसातला निघालो. प्रकाश गॅलरीतून बघत होता, हात हलवला नाही, नुसता बघत होता. चिंचपोकळीचा पूल ओलांडून डिलाईल रोड. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो, तुम्हीही तीच वेळ धरा. पण जिथे तिथे बांधकाम. पत्रे उभे केलेले, रस्त्यात खडी, सळ्यांचे तुकडे. सायली कडेकडेने घेत होती. आजोबांच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे, मी मान वर करून बघायचं ठरवलं होतं पण नजर डब्यावरून हलेना. तेहेतीस, तेहेतीस, चौतीस, तेहेतीस. खड्डा आला की मी आकडे बघायची. सायली म्हणाली, आजी, क्रिकेटचा स्कोअर बघतेस का? सातरस्त्याला सिग्नल लागला तेव्हा कुठे मी पदराने तोंड पुसलं.

गिरगावात पोहोचायला अर्धा तास. गाडी लावायला जागा मिळायलाही जवळजवळ तेवढाच. तिथल्या एका जुन्या खाणावळीत आम्ही बसलो. साबुदाणा वडा, थालीपीठ, आणि मला पियूष. दोघींचं पोटभर तीनशेच्या आत झालं. वडा कुरकुरीत, चटणी ताजी, शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणावरून भांडत होते, एक म्हणत होता जिलबी होती, दुसरा म्हणत होता नव्हती. मला मजा वाटायला लागली. भीती जरा सैल झाली. आणि तेवढ्यात मी उगाच विचारलं, काय गं, त्या डब्याला कळतं कसं कुठल्या चाकाची हवा कुठली?

सायली म्हणाली, "प्रत्येक टोपण त्याच्या त्याच्या चाकाचं असतं आजी. अन्वरभाईंनी एकेक ओळख करून दिली ना. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, पुढचं डावं, पुढचं उजवं, असं. अदलाबदल झाली तर डबा भलतंच चाक दाखवणार."

मी पियूषचा पेला खाली ठेवला. मी चौथी पास, तीही मराठी. त्या टोपणांवर अक्षरं होती हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, चार वाट्या सारख्या, कुठलीही कुठेही ठेवा. आता पदरातून कुठलं टोपण आधी काढलं, कुठल्या चाकाला लावलं, काही आठवेना.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. डोळ्यांपुढे प्रकाश उभा राहिला. तो म्हणणार, बघ, निघायच्या आधीच आईने घोळ घातला, घाटात काय करेल. आणि आक्काचं घर, तिचं ते अंगण, तिथपर्यंतचा रस्ता त्या एका वाक्याने बंद होणार. मी मनात म्हटलं, आकडे तर हिरवे आहेत ना चारही. हिरवे आहेत तोवर कुठलं कुठे का असेना. घरी गेल्यावर गुपचूप अन्वरभाईंकडे जाईन. असं म्हटलं आणि उरलेला वडा सायलीच्या ताटात सरकवला. ती म्हणाली, बरं नाही वाटत का? मी म्हटलं, पोट भरलं.

पुढचा बेत असा होता की मरीन ड्राइव्हला जाऊन समुद्राकडेच्या नव्या रस्त्याने वरळी, आणि मग दादर. दादरला आक्कासाठी नऊवारी घ्यायची होती. तो नवा रस्ता चौपाटीजवळ बोगद्यात शिरतो आणि डोंगराखालून पलीकडे निघतो. टोल नाही. रस्ता तर असा की पोटातलं पाणी हलत नाही. नुसतं फिरायचं असेल तर आपल्या वयाच्या माणसांनी एकदा जाऊन यावंच. पण मला विचाराल तर, बोगदा म्हणजे आत शिरलं की मागे फिरता येत नाही, आणि मध्ये थांबता येत नाही. डोक्यावर डोंगर की पाणी, तेही कळत नाही. नुसते दिवे मागे जातात.

आत शिरून दोन मिनिटं झाली नसतील, डबा ओरडला. टुं टुं टुं. मागचं डावं चाक लाल. अठ्ठावीस.

सायलीने एकदा बघितलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मी कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही असं नाही. सत्तावीस. मागून गाड्या येत होत्या, एक हॉर्न वाजवत बाजूने गेली. दत्तूची जीप मी कधी बघितली नव्हती, पण त्या बोगद्यात मला ती दिसली, चाकं वर झालेली. माझ्या हातातली रुमालाची घडी ओली झाली होती. सायली हळूहळू वेग कमी करत डावीकडे आली आणि दिवे लुकलुकते लावले. पंचवीस. मग समोर उजेड दिसला.

बाहेर पडल्यावर हाजीअलीच्या अलीकडे खाली उतरायचा रस्ता आहे, तो तिने घेतला आणि पुढे जागा बघून कडेला थांबली. उतरली ती पळत मागच्या डाव्या चाकापाशी. मीही दार धरून उतरले. तिने चाकाला लाथ मारून बघितली, अंगठ्याने दाबलं, वाकून खालून बघितलं. टायर दगडासारखा. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"काही नाही आजी. हे यंत्रच भंगार आहे. नवीन आहे ना, उगाच ओरडतंय. बंद करून टाकते, दादरला जाऊ, उद्या अन्वरभाईंना परत देते."

तिने डब्याच्या बटणाकडे हात नेला.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. तिच्या मते संकट टळलं होतं, ती हसत होती, आणि मला माहीत होतं की यंत्र खोटं बोलत नाहीये, मी त्याला खोटं पाडलंय. कुठल्या तरी चाकातून हवा जातेय, फक्त कुठल्या ते माझ्यामुळे कळत नाहीये. गप्प बसले तर आपण दादरला जाणार, पुढच्या आठवड्यात आक्काकडे जाणार, प्रकाशला काही कळणार नाही. आणि गाडी ही पोरगी चालवणार.

मी म्हटलं, "बंद करू नको. टोपणं मी काढली होती."

तिला कळेना. मग सगळं सांगितलं. देवापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि जशी हाताला आली तशी लावली. सांगताना माझा आवाज असा लागत होता जणू मी कुणाच्या घरात चोरी केली आहे. सायलीने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"कधी काढलीस?"

"तू झोपली होतीस तेव्हा."

"दोन जिने उतरून? या गुडघ्यांनी?"

"दोनदा," मी म्हटलं.

ती उरलेली तिन्ही चाकं एकेक करून बघायला लागली. पुढच्या उजव्या चाकापाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग मला हात करून बोलावलं. टायर खालून जरासा पसरला होता, लांबून कळलंच नसतं. तिने चाकाच्या नक्षीत बोट ठेवलं. पत्र्याला मारतात तसला स्क्रू, मुंडकं घासून चकचकीत झालेलं. डिलाईल रोडच्या त्या बांधकामातला असणार, दुसरा कुठला.

शेजारी एक टॅक्सीवाला चहा पीत उभा होता, आमच्याहून त्यालाच जास्त रस. येऊन बघितलं आणि म्हणाला, पुढचं चाक आहे, असंच वेगात पळवलं असतं तर आजी, नातीने स्टिअरिंग कुठे धरलं असतं सांगू? मी म्हटलं, नको सांगू. मग त्याने जॅक लावायला हात दिला. चाक सायलीनेच बदललं. मी बाजूला पिशवीवर बसून बोल्ट सांभाळत होते, पदरात चार बोल्ट, सकाळी टोपणं होती तशीच. पाचव्या चाकात हवा होती, अन्वरभाईंचं भलं होवो. सायलीने फोनचा दिवा लावून टोपणांवरची अक्षरं वाचली आणि जिथली तिथे फिरवून लावली.

मग हात पुसत तिने विचारलं, घरी जायचं की दादरला? मी म्हटलं, दादरला. आक्काची नऊवारी घेतल्याशिवाय परत गेले तर प्रकाशने सांगायच्या आधी मीच गावाचं नाव सोडलं असं झालं असतं. दादरला हिरवी नऊवारी घेतली, जरा घासाघीस केली, आणि परळला एका पंक्चरवाल्याकडून टायरचं पंक्चर काढून घेतलं. शंभर-दीडशेचं काम. स्क्रू मी मागून घेतला.

घरी आल्यावर सायली म्हणाली, बाबांना पंक्चरचं सांगू, टोपणांचं राहू दे. माझ्यासाठीच म्हणत होती. पण मी बोगद्यातून बाहेर आले होते, आता कशाला घाबरायचं. प्रकाशला समोर बसवलं आणि पहाटेपासून स्क्रूपर्यंत सगळं सांगितलं. स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट फिरवून बघितला. मी वाट बघत होते की आता म्हणेल, झालं, आता गावाचं विसरा.

तो म्हणाला, "आई, तू गप्प राहिली असतीस तर?"

मी म्हटलं, "म्हणून तर नाही राहिले."

मग तो उठला आणि सायलीला विचारलं, तो टोपणाखालचा नट मिळतो ना, तो बसवून घेतलात का? बस, एवढंच. त्याच्या तोंडून याला होकार म्हणतात.

नट सोमवारी बसले. पण माझं समाधान त्याने झालं नाही. आमच्या चाळीत पूर्वीपासून लग्नकार्याला भांडी या घरातून त्या घरात जातात, म्हणून मी माझ्या वाट्यांच्या बुडाला नखरंगाचा लाल ठिपका देते. तोच नखरंग घेऊन खाली गेले. पुढच्या डाव्या टोपणाला एक ठिपका, पुढच्या उजव्याला दोन, मागच्या डाव्याला तीन, मागच्या उजव्याला चार. चाकांनाही तसेच दिले, आणि डब्याच्या चार कोपऱ्यांनाही. सायलीने या वेळी शेजारी उभं राहून बघितलं. इंग्रजी येत नसेल त्या बायकांनी हे जरूर करा.

गुरुवारी निघतोय. आक्काला कळवलं, तर म्हणाली, नऊवारी हिरवी घेतलंस ता बरा केलंस. माझी भीती गेली का म्हणाल, तर नाही गेली. पण आता ती सगळ्या गाडीभर पसरत नाही. डबा ओरडला की मला कळेल, दोन ठिपके. आणि दोन ठिपके म्हणजे कुठलं चाक ते मला कुणाला विचारावं लागणार नाही.